पदर न ओढणारी कोकरं

माझं माहेर कळंबचं. मोंढ्याच्या मागच्या गल्लीत घर, वडील मापाडी, त्यामुळे कानात पोती पडल्याचा आवाज आणि नाकात धान्याची धूळ घेऊनच मी मोठी झाले. तिथं वाढलेल्या माणसाची एक पक्की समजूत होते. जगातल्या बहुतेक अडचणी पोटभर खायला न मिळाल्याने होतात आणि खायला घातलं की मिटतात, असं त्याला वाटतं. ही समजूत आणि वडिलांनी दिलेला एक लोंबता वजनकाटा घेऊन मी लग्न होऊन लोहारा तालुक्यात आले, माकणीच्या धरणाच्या काठावरच्या एका गावात. सासरी मेंढरं होती. शेपूट वर असलं तर शेळी आणि खाली असलं तर मेंढी, एवढंच मला मेंढरांबद्दल माहीत होतं.

मेंढरं आत्यांची. सासूला मी आत्या म्हणते. अंगानं किरकोळ, आवाजानं दणकट अशी ही बाई. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी मला सांगून टाकलं, "तुला भाकर चांगली येती, ते बरं हाय. पर मेंढराला भाकर चालत न्हाय."

"मग काय चालतं ते शिकवा," मी म्हटलं.

"शिकवीन की. पर तू बोलती लई."

मी बोलते, हे खरं आहे. मला राग पटकन येतो, आणि राग आला की मी एखादं काम अंगावर घेते. आमच्या घराचं अंगण, न्हाणीघर आणि परसातली शेवग्याची रांग ही सगळी माझ्या रागाची कमाई आहे. कोकरांचं प्रकरणही मी रागातच हातात घेतलं. ते तडीस गेलं यात माझा वाटा मोठा आहे आणि तसं सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही. पण शेवटचा घाव माझा नव्हता.

आमच्या घरची सगळ्यात हिरवी जागा म्हणजे आत्यांची पट्टी. धरण झालं तेव्हा सासऱ्यांची काळी जमीन पाण्याखाली गेली. वर उरला मुरमाड माळ, आणि पाण्याच्या कडेला एक लांबट, चिंचोळा तुकडा. सासरे वारल्यावर आत्यांनी तो कुणाला कसू दिला नाही. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि इथलं गवत फक्त कोकरांचं, असं सगळ्या गावाला बजावलं. दर वर्षी पावसाच्या तोंडावर मेंढ्या वितात. पिल्लं चार तोंडं मारायला लागली की त्यांची रवानगी पट्टीवर होते. मोठी मेंढरं दिवसभर माळावर असायची. फक्त आया सकाळ-संध्याकाळ पट्टीवर येऊन पाजून जायच्या. दुसऱ्या कुणाची शेळी कुंपणाला नाक लावताना दिसली तरी आत्यांची काठी उठायची.

कोकरं सोडायची वेळही ठरलेली होती. उन्हं वर यायच्या आधी, गवतावर दव असतानाच. मी एकदा विचारलं की एवढ्या सकाळी का.

"दवातलं गवत मऊ असतंय," त्या म्हणाल्या. "दात कवळं हायती त्यांचं. आन चव बी गोड लागती."

तुम्ही कधी खाऊन बघितलं का, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण त्या हो म्हणाल्या असत्या अशी शंका आली म्हणून गप्प बसले.

चांगल्या कोकराची खूण आत्यांनीच मला शिकवली. चांगलं कोकरू तोंडाला येईल ते चघळतं. दोरी, चप्पल, घोंगडीची दशी, काही म्हणजे काही सोडत नाही. आत्या पट्टीवर बसल्या की चार-दोन कोकरं त्यांच्या लुगड्याचा पदर ओढत उभी असायची. त्यांच्या प्रत्येक लुगड्याच्या पदराचा कोपरा कुरतडलेला. लग्नाकार्यात नेसायचं लुगडंही त्याला अपवाद नव्हतं. नातेवाईक बायका नाक मुरडायच्या आणि आत्या तो कोपरा उलट पुढं घेऊन मिरवायच्या.

गेल्या वर्षीपासून कुणी पदर ओढेना.

आधी गेल्या वर्षीचं सांगते. त्या पावसाळ्यात कोकरं खुरटली. जन्माला आली तेव्हा धडधाकट होती, दोन-अडीच महिन्यांची झाली आणि तिथंच थांबली. काही मेली. उरलेली दिवाळीपर्यंत अशीच राहिली की अंगावर लोकर आहे की लोकरीच्या आत काडी आहे ते कळू नये. व्यापाऱ्यानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. आमचे मालक फार बोलत नाहीत. घरात बोलायचं काम मी आणि आत्या वाटून घेतो, त्यामुळे त्यांच्या वाट्याला ते येत नाही. पण या वर्षी मेंढ्या व्यायला लागल्या तेव्हा ते जेवताना मान वर करून म्हणाले, "माय, औंदाची कोकरं बी तशीच निघाली तर म्या मेंढरं देऊन टाकणार. कोजागिरीला तुळजापूरला चालत जाऊन येतो, आन आल्यावर व्यापारी बोलावतो. सांगून ठेवलंय त्याला."

"समदी?" आत्यांनी विचारलं.

"समदी. दोन म्हशी घेऊ. घरापुढं बांधल्या की झालं. तुला बी ह्या वयात रानात हिंडायला नको."

आत्यांनी ताटातली भाकरी तशीच ठेवली. "मेंढरं गेली तर म्या दिसभर काय करू? भिताड बघू?"

मालक पुन्हा जेवायला लागले. त्यांचं चुकत नव्हतं, ते मलाही कळत होतं. पण आत्यांचा तो चेहरा मी आधी कधी बघितला नव्हता. या बाईची मेंढरं जाऊ द्यायची नाहीत, असं मी त्याच ताटावर ठरवलं.

मग मी माझ्या परीनं सुरुवात केली. म्हणजे खायला घातलं. मक्याची भरड, शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर मीठ, पाण्यात मिसळलेला गूळ. सकाळी पट्टीवरून आली की कोकरांपुढं पाटी. श्रावणात ती चांगली दिसत होती. भादवा लागला आणि गेल्या वर्षीचाच खेळ पुन्हा सुरू झाला. कोकरं पाटीजवळ यायची, हुंगायची, दोन दाणे उचलायची आणि मान खाली घालून उभी राहायची. पट्टीवर सोडली तरी तेच. गुडघाभर गवतात उभी, पण तोंड हलत नाही.

आत्यांचा आणि माझा कडाक्याचा वाद झाला. त्या म्हणाल्या, माझ्या पेंडीनं कोकरांच्या पोटात जडपणा आला, कोवळ्या जिवाला गवतच सोसतं. मी म्हटलं, नुसत्या गवतावर कुणाची हाडं भरतात. त्यांनी पाटी उचलून ठेवली की मी ती पुन्हा भरायची. मी भरली की त्या कोकरं पट्टीवर हाकायच्या. दोघींचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, ते म्हणजे समोरचीला काही कळत नाही.

त्यातली एक गोष्ट आम्हा दोघींनाही फसवत होती. कोकरांची पोटं. पाय काड्या, पाठीचे मणके हाताला टोचतात, पण पोट कसं टम्म. शेजारची बाई बघून म्हणाली, "पोटं तर भरलेली हायती की. खात न्हाईत म्हणता ते कसं?" तिचंही बरोबर. डोळ्याला दिसतं ते पोट भरलेलंच दिसतं. आत्या संध्याकाळी कोकराच्या पोटावर थाप मारून आवाज ऐकायच्या आणि समाधानानं म्हणायच्या, "हाय पोटात." पोट भरलंय ना, मग अंगाला लागेल, आज ना उद्या. तिकडं गावात मात्र कुणीतरी बोललंच की कळंबची सून आली आणि मेंढरांना पोटाला मिळेना झालं. हे मला कळलं त्या दिवशी मी सगळं धान्याचं कोठार झाडून काढलं.

उलगडा झाला तो माझ्या लेकीमुळे. शाळेत नर्सबाई आल्या होत्या, पोरांना जंताची गोळी द्यायला. मी लेकीला आणायला गेले होते. नर्सबाई एकेका पोराची खालची पापणी बोटानं ओढून आतला रंग बघत होत्या. एका पोरीची पापणी बघून तिच्या आईला म्हणाल्या, "आत पांढरं दिसतंय. रक्त कमी आहे. जेवते का नीट?" ती आई म्हणाली, "कुठं जेवती, ताटावरून उठती. पोट तेवढं मोठं झालंय."

ती असं म्हणाली आणि मी तिथल्या तिथं उभी राहिले. माझ्या पाटीपुढं उभी असलेली कोकरं मला दिसायला लागली.

घरी आल्यावर लेकीला तसंच ओट्यावर बसवलं आणि मेंढरांच्या वाड्यात गेले. आमच्यात एक पांढऱ्या कानाचं कोकरू होतं, सगळं अंग काळं आणि एकच कान पांढरा. जन्माला आल्यापासून आत्यांचं लाडकं. त्याला मांडीत धरलं आणि नर्सबाईंसारखी पापणी ओढली. आत ज्वारीच्या पिठासारखं पांढरं. दुसरं धरलं, तिसरं धरलं, तसंच. मग एक थोराड मेंढी पकडली, तिची पापणी बघितली तर लालगुलाबी. पांढऱ्या कानाच्या जबड्याखाली हात गेला तर तिथं काहीतरी मऊ, पाण्याच्या पिशवीसारखं लोंबत होतं. आत्यांनी ते बघितलं होतं. थंडीनं गळा सुजला असेल म्हणून त्या हळद लावत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांच्या मोटारसायकलवर मी मागं, मांडीवर पोत्यात गुंडाळलेलं पांढऱ्या कानाचं कोकरू, आणि पिशवीत त्याच्या ताज्या लेंड्या, अशी आमची वरात लोहाऱ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टर बाई माझ्यापेक्षा वयानं लहान. त्यांनी पापणी बघितली, गळ्याखाली दाबून बघितलं आणि लेंड्या पाण्यात कालवून त्यातला थेंब यंत्राखाली ठेवला. मलाही बघायला बोलावलं. काचेत लांबट गोल ठिपके, एकाला एक खेटून.

"ही जंतांची अंडी," त्या म्हणाल्या. "एवढ्याशा थेंबात इतकी, म्हणजे पोटात केवढे जंत असतील बघा. काही रक्त पितात, काही आतड्याला चिकटून बसतात. खाल्लेलं अंगी लागू देत नाहीत. आणि मुख्य म्हणजे भूकच मारून टाकतात."

"मी पेंड घालते. भरड घालते. तोंडच लावत नाहीत."

"पेंड चांगलीच आहे, सोडू नका. पण आधी भूक परत आणू या."

हे वाक्य मी आत्यांना घरी गेल्या गेल्या सांगितलं. पेंड चांगलीच आहे, हा भाग जरा मोठ्यानं सांगितला.

औषध वजनावर द्यायचं होतं. मालकांचं म्हणणं, अंदाजानं सगळ्यांना एकेक झाकण पाजू. मी म्हटलं, मोंढ्यात अंदाज चालत नाही. वडिलांचा काटा शेवग्याच्या फांदीला टांगला, खाली पोतं अडकवलं, आणि एकेक कोकरू मान बाहेर काढून पोत्यात. लोंबकळताना ती चहूकडं बघायची आणि मी आकडा मोठ्यानं सांगायची. सबंध गावात एवढं मापात औषध कुणी पाजलं नसेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून फरक दिसायला लागला. पाटी चाटून पुसून साफ व्हायला लागली. चारच दिवसांत पांढऱ्या कानानं माझी चप्पल पळवली. मी जिंकले होते आणि तसं मी घरात सगळ्यांना सांगितलंही.

पंधरवडाभरात सगळं होतं तिथं आलं. पाटी तशीच, माना खाली, गळ्याखाली पुन्हा पाण्याची पिशवी. पितृपक्ष सुरू झाला होता. कोजागिरी डोळ्यांपुढं दिसत होती. "तुझ्या औषधानं काय झालं" असं आत्या म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. त्यांनी कोकरांना दुप्पट वेळ पट्टीवर ठेवायला सुरुवात केली. सगळ्यात मऊ गवत काठाजवळ असतं, तिथं त्या एकेकाला उचलून नेऊन ठेवायच्या. आणि तिथंच एका सकाळी एक कोकरू मेलेलं सापडलं.

मी डॉक्टर बाईंना फोन केला. त्या लसीकरणासाठी शेजारच्या गावात होत्या, दुपारी आल्या. आत्या त्यांना स्वतः पट्टीवर घेऊन गेल्या. मेलेलं कोकरू तिथंच ठेवलं होतं, पण आधी आत्यांनी त्यांना पट्टी दाखवली. कुंपण दाखवलं. किती वर्षं राखली ते सांगितलं. "दुसऱ्या जनावराचा खूर लागू दिला न्हाय म्या हिला. निस्ती कोकरांची जागा."

डॉक्टर बाई वाकून गवतात हात घालून बघत होत्या. बुडाशी गेल्या वर्षीच्या, या वर्षीच्या लेंड्या. वर कोवळी पाती.

"मावशी, कोकरू फाडून बघायला लागेल. तुम्हाला बघवणार नाही. घरी जाता का?"

"म्या बघणार."

त्यांनी कोकराचं पोट उघडलं. आत्या त्यांच्या शेजारी उकिडव्या बसल्या. जे टम्म पोट त्या रोज संध्याकाळी थापटायच्या, त्यातून आधी नुसतं पाणी आलं. पिवळसर, पातळ पाणी. मग डॉक्टर बाईंनी पोटाचा एक कप्पा चिरला. त्यात लोकरीच्या धाग्यांसारखे लालसर बारीक जंत, गुंत्यागुंत्यानं वळवळत होते. आतड्यातही होते. गवत म्हणावं तर मूठभरसुद्धा नव्हतं.

आत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्याच्या पोटात गवत कुठं हाय?"

डॉक्टर बाईंनी मान हलवली.

"गुडघाभर गवतात उभं हुतं ते. म्या उचलून ठिवलं हुतं हितं." त्यांचा आवाज एवढा लहान झालेला मी तेव्हाच ऐकला.

डॉक्टर बाईंनी हात धुतले आणि आत्यांच्या समोर बसून सांगितलं. फार सरळ सांगितलं, आणि मला ते आवडलं. आयांच्या पोटात थोडे जंत असतातच. त्यांना ते सोसतात. त्या व्याल्या की त्यांच्या लेंड्यांतून अंडी जास्त पडतात. इथं ओल आहे, सावली आहे, अंड्यांतून अळ्या निघतात. सकाळी दव पडलं की त्या दवातून पात्याच्या टोकावर चढतात, आणि कोकरू टोकच खुडतं. कोवळ्या जिवाला ते सोसत नाहीत. पुन्हा त्याच्याच लेंड्या त्याच गवतात. दर वर्षी तीच जागा, नुसती कोकरंच, दुसरं जनावर नाही, ऊन-नांगर नाही. औषधानं पोटातले मरतात, पण कोकरू दुसऱ्या दिवशी इथं येऊन नवीन खातं.

"म्हंजी ही पट्टीच," आत्या म्हणाल्या.

"जागा वाईट नाही, मावशी. कोकरांसाठी राखली म्हणून असं झालं."

मला वाटलं, हे एवढं स्पष्ट सांगायला नको होतं. मग वाटलं, नाही, हेच सांगायला हवं होतं. एखाद्याने प्रेमानं केलेली चूक असेल तर ती त्याला समजावून सांगावी, गोंजारून झाकू नये. आत्यांना झाकलेलं काहीच आवडत नाही. त्यांनी फक्त विचारलं, "मग करायचं काय?"

पुन्हा औषध. कोकरं काही दिवस वाड्यात बांधून, तुरीचं भुसकट आणि माझी पेंड. मग दव सुकल्यावर माळावर, नाहीतर सोयाबीन काढलेल्या रानात. आणि पट्टीवर एकाही मेंढराला पाय ठेवू द्यायचा नाही. बरेच दिवस मोकळी ठेवा, म्हशी-गायी चारा, नाहीतर नांगरून दुसरं काही पेरा.

पुढचे काही दिवस घरात विचित्र गेले. कोकरं वाड्यात होती, मी काट्यावर त्यांना तोलत होते, औषध पाजत होते. आत्या मात्र दिवसभर पट्टीवर जाऊन बसायच्या, काठी मांडीवर घेऊन. मेंढरू नाही, कोकरू नाही, नुसतं गवत. मला भीती वाटत होती की त्या पट्टी आणि मेंढरं या दोनातलं एक धरून बसतील आणि ते एक पट्टीच असेल. सासऱ्यांच्या हातची तेवढीच चांगली जमीन पाण्याच्या वर होती. नांगरून टाका हे कोण सांगणार त्यांना? मालक सांगणार नव्हते, त्यांना तर मेंढरंच द्यायची होती. मी सांगितलं असतं, पण माझं तोंड पहिल्यांदाच उघडेना. या बाईला मी काहीही बोलू शकते, पण हे बोलता येईना. मी परसात दोन शेवगे आणखी लावले.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आत्या दुपारीच घरी आल्या. हातात कुंपणाच्या काट्यांचा भारा. तो चुलीमागं टाकला आणि मालकांना म्हणाल्या, "ट्रॅक्टर सांग."

"कशाला?"

"वाफसा हाय. पट्टी नांगरून घे. करडी पेर."

"माय, बघ हां. एकदा नांगरली की..."

"म्या बघितलंय." एवढंच म्हणून त्या हात धुवायला गेल्या. नंतर मला म्हणाल्या, "करडी मोठी झाली की काटं येत्यात. मेंढरू तोंड घालत न्हाय. कुंपणाचं काम न्हाय आता."

पट्टी नांगरली तेव्हा त्या गेल्या नाहीत. वाड्यात कोकरांजवळ बसून होत्या, आणि ट्रॅक्टरचा आवाज थांबला तेव्हा त्यांनी विचारलं, "झालं का?" मी हो म्हटलं. मला रडू आलं आणि मी त्यांच्यासमोरच रडले. त्या मला म्हणाल्या, "तू कशाला रडती? जिमीन तुझ्या बापाची हुती व्हय?" मग आम्ही दोघी हसलो.

कोकरं अंग धरायला लागली. अंग धरणं म्हणजे काय ते मला त्या महिन्यात कळलं. आधी गळ्याखालची पिशवी जाते. मग डोळ्यात तेज येतं, पापणीत रंग येतो. मग भूक येते, आणि ती आली की ऐकू येते. पहाटे वाड्यातून भुसकट चावल्याचा करकर आवाज यायला लागला. मी चूल पेटवायच्या आधी तो ऐकत बसायची. माझ्या पेंडीची पाटी पुन्हा रिकामी व्हायला लागली आणि या खेपेला ती रिकामीच होत राहिली. काट्यावर दर आठवड्याला थोडं थोडं जड. टम्म पोटं आत गेली, पाठी वर आल्या. सगळी काही गुबगुबीत झाली नाहीत, पांढऱ्या कानाचं तर अजून लहानच होतं. पण आता ती मरायला टेकलेली दिसत नव्हती.

मालक कोजागिरीला तुळजापूरला चालत गेले आणि पायाला फोड घेऊन परत आले. त्यांनी सांगितलेला व्यापारी दुसऱ्याच दिवशी दारात हजर. उमरग्याच्या पलीकडचा, सीमेपारचा माणूस, बोलण्यात अर्धं कानडी. मालकांनी त्याला वाड्यात नेलं. त्याची बोटं कोकरांच्या पाठीवर, बरगडीवर, शेपटीच्या बुडावर फिरत गेली. मालक त्याच्या चेहऱ्याकडं बघत होते. मी दारात, हात कमरेवर. आत्या भिंतीला टेकून बसलेल्या.

"गेल्या साली बघितलेली कोकरं ही न्हवंच," व्यापारी म्हणाला. "ही मी नेतो. मेंढ्या बी नेतो, समदी एकदम. अव्वा, काय चारलं ओ ह्यांना? मक्का? पेंड?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. पण त्याने आत्यांना विचारलं होतं.

"जिमीन चारली," आत्या म्हणाल्या.

व्यापाऱ्याला कळलं नाही. तो हसला आणि मालकांकडं वळला. मालक हसले नाहीत. ते त्यांच्या आईकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी पायातली चप्पल काढली, फोडाचा पाय दुसऱ्या पायावर ठेवला आणि म्हणाले, "न्हाय द्यायची. तुम्हाला उगं हेलपाटा झाला. चहा घेऊन जावा."

मी चहा टाकायला आत गेले. खिडकीतून वाडा दिसतो. पांढऱ्या कानाचं कोकरू कळपातून निघून भिंतीपाशी आलं होतं आणि आत्यांच्या पदराचा कोपरा तोंडात धरून ओढत होतं. आत्यांनी तो सोडवून घेतला नाही. चहा होईपर्यंत पदराचा तो कोपरा पार ओला झाला होता.